खोकं त्यांनाच उघडू दे

अगं, सासूबाईंसाठी ते पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ घेतेयस ना? घे, जरूर घे. पण त्यांना विचारलंस का? ‘त्यांना काय कळतंय त्यातलं’ असं म्हणू नकोस हं. नातवाचे फोटो सगळ्या भिशीला पाठवतात त्या. हौस होती, शिकल्या.

आधी फोनचं बघू. वयानं बोटांची कातडी कोरडी पडते, म्हणून टच लागत नाही. मग त्या जोरात दाबून धरतात आणि भलतंच काहीतरी उघडतं. बोट किंचित ओलसर करायला सांग, अक्षरं मोठी कर, फोनची भाषा मराठी कर. आणि फोन त्यांच्याच हातात राहू दे. ‘द्या इकडे, मीच करते’ म्हणालीस की शिकणं तिथंच संपलं. सुरुवात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापासून कर. ‘जीवन प्रमाण’वर २०२१ पासून फोनला चेहरा दाखवूनही तो काढता येतो. नोव्हेंबरातली बँकेतली रांग वाचली की पुढचं त्या आपणहून विचारतील.

आता घड्याळाचं. जोराचा हिसका आणि मग हालचाल नाही, यावरून ते पडणं ओळखतं. भिंत धरून हळूच खाली घसरलेलं माणूस त्याला कळेलच असं नाही. शिवाय म्हातारी माणसं पडतात न्हाणीघरात, नाहीतर रात्री उठताना, आणि नेमकं तेव्हा घड्याळ काढून ठेवलेलं! म्हणून पाण्यात चालणारं घे, चार्जिंग दुपारी टीव्ही बघताना. न्हाणीघरात आधाराची दांडी मात्र त्याच्याही आधी बसव.

हॉलमध्ये कॅमेराही लावायचा म्हणतेयस, ते मात्र मला अजिबात पटत नाही. आयुष्यभर पदर सावरत वागलेली बाई दुपारी साडी वर खोचून गुडघ्याला तेल चोळत बसते, आणि तू ते बंगळूरहून बघणार? त्यांच्या ‘नको’चा मान राख. लावायचाच तर बाहेर दाराशी, तोही त्यांना विचारून.

फोनवरून कुणी फसवून पैसे नेईल, ही त्यांची भीतीही खरी आहे. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, हे नीट समजावून सांग. फसवणुकीसाठी १९३० हा नंबर ठळक लिहून फ्रिजवर चिकटव.

दिवाळीला जाशील तेव्हा घड्याळाचं खोकं त्यांनाच उघडू दे. पडल्यावर पहिला फोन कुणाला जावा, हेही त्यांनाच विचार. तुझंच नाव घेतील असं धरू नकोस. किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल, तर पहिला नंबर काकूंचाच हवा.