पिशवी काढायच्या आधी

अगं, पिशवी काढायची तारीखही घेऊन मोकळी झालीस म्हणे! आई फोनवर सांगत होती, तर तिच्या बोलण्यात काळजी कमी आणि सुटल्यासारखंच जास्त वाटत होतं. तुझंही तसंच असणार. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जायचं आणि वर रानातलं काम, कोण कंटाळणार नाही? पण ॲडमिट व्हायच्या आधी माझं जरा ऐक.

तू पाठवलेला रिपोर्टचा फोटो मी मोठा करून करून वाचला. सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस’ लिहिलंय. म्हणजे पिशवी थोडी मोठी. दोन बाळंतपणं झालेल्या बाईच्या बाबतीत त्यात फार नवल नाही. गाठ लिहिलेली नाही, अस्तराची जाडी तर मोजलेलीच दिसत नाही. हिमोग्लोबिन ८. आणि थायरॉईडची तपासणी कुठाय? ती झालेलीच नाही. वजन वाढलंय, केसांचे पुंजके निघतात, सगळे पंखा लावून बसतात तेव्हा तू पदर लपेटून घेतेस, पोट साफ होत नाही: हे सगळं थायरॉईडकडेच बोट दाखवतं. मला हे तू वेगवेगळ्या वेळी सांगितलंस. डॉक्टरांसमोर मात्र पाळीचंच सांगितलं असशील.

थायरॉईडची ग्रंथी गळ्यात असते, तिचा मुकादम मेंदूखाली: पिट्युटरी. टोळी हात आखडायला लागली की मुकादम जसा आवाज चढवतो, तसं ग्रंथी ढिली पडली की पिट्युटरी तिला हाकणारं टीएसएच हे हार्मोन वाढवते. म्हणून रक्तात टीएसएच जास्त आणि ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन टी-फोर कमी दिसलं, तर थायरॉईड कमी पडतंय असं समजायचं. मीठ आता आयोडीनचंच येतं, तेव्हा आयोडीन कमी पडणं नव्हे, कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं: शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच ग्रंथीवर उलटते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराची नोंद केली. तो घराण्यात चालतो, आणि आपल्या आत्याच्या गोळ्या तुला आठवत असतीलच.

आता गळ्यातल्या ग्रंथीचा पाळीशी काय संबंध? थायरॉईड कमी पडलं की दर महिन्याला बीज सुटेलच असं नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि नुसत्या इस्ट्रोजेनवर पिशवीचं अस्तर वाढत राहतं. मग ते कोसळतं तेव्हा गाठी पडतात, कपडे पुरत नाहीत. चाळिशीजवळ थायरॉईड ठीक असूनही असं होतं, पीसीओएसमध्येही होतं. दोष हार्मोनच्या हिशेबात असतो आणि शिक्षा पिशवीला!

आपल्याकडे ही शिक्षा फार स्वस्तात होते. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारनं २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कारण काय, तर पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. शिवाय ‘कॅन्सर होईल’ ही भीती. तुलाही तेच सांगितलंय ना?

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तुझ्या अडतिसाव्या वर्षी एका दिवसात पाळी जाण्याचं वय अंगावर येतं. अंगातून वाफा, रात्रीचा घाम, चिडचिड हे लगेच दिसतं. हाडं मात्र आतून ठिसूळ होत जातात, ते कळतं पडल्यावर. मग साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं लागतं, आणि आपल्याकडे ते कितीजणींना देतात? अंडाशयं ठेवली तरी ती थोडी लवकर थकतात.

पिशवी काढूच नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी असल्या, औषधांनी काहीच फरक पडला नाही, तर काढावीच. पण ते तपासल्यावर. अस्तराची जाडी मोजून, गरज वाटली तर त्याचा तुकडा तपासायला पाठवतात. थायरॉईड निघालं तर गोळी. बीजाचा घोळ असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, तिनं रक्तस्राव खूपच कमी होतो.

थायरॉईडची गोळी लागली तर सकाळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. तुझं रक्त कमी आहे, म्हणजे लोहाची गोळी सुरू होणारच. ती थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी, नाहीतर दोन्ही पोटात भांडतात आणि थायरॉईडची गोळी लागू पडत नाही. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करून डोस ठरतो. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

तर तारीख पुढे ढकल. जळकोटहून सकाळची सोलापूरची गाडी पकड, माझ्याकडे उतर, आपण सिव्हिलला स्त्रीरोगाच्या ओपीडीत दाखवू. दाजींना मी फोन करते. सगळे जुने कागद घे, पाळीच्या तारखा लिहून आण. केसांसाठी मेडिकलमधून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या दोन-तीन दिवस आधीच थांबव, त्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकतो. आणि मध्येच फार जायला लागलं, चक्कर आली, तर माझी वाट बघत बसू नकोस, जवळच्या दवाखान्यात लगेच जा.