फुटत्या लाटेतून होडी किनाऱ्यास कशी लावावी

भिलाईच्या मरोदा जलाशयाच्या काठी उभे राहून पाण्यात खडा टाकावा. वर्तुळाकार लहरी पसरत जातात आणि काठास येऊन लागतात. परंतु वाटेत तरंगणारे वाळलेले पान त्यांच्याबरोबर काठास येत नाही. ते जागच्या जागी वर-खाली होते आणि तेथेच राहते. ह्यावरून ध्यानात येईल की, लहरीबरोबर पुढे जातो तो पाण्याचा आकार, पाणी नव्हे. समुद्रावरील लाटेचाही नियम हाच आहे. मात्र किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर हा नियम मोडतो, आणि मच्छीमाराला घरी परतताना नेमकी तीच जागा ओलांडावी लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, देवबाग, वेंगुर्ले ह्या भागातील गाबीत मच्छीमारांची रापण हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. रापणीच्या जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती असते. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक घेऊन पुन्हा पुळणीवर येते. तेथे धक्का नसतो. लाटांतूनच यावे लागते. आज हौसेने वा उपजीविकेसाठी कयाक नावाची वल्ह्याची अरुंद होडी घेऊन मासे धरणाऱ्यासही हीच अडचण येते.

लाट का फुटते?

खोल समुद्रात ज्या लाटेचे दोन माथे 10 सेकंदांच्या अंतराने येतात, तिची लांबी सुमारे 156 मीटर आणि वेग ताशी सुमारे 56 किलोमीटर असतो. उथळ पाण्यात शिरताच तिच्यावर तळाचा परिणाम होऊ लागतो. वेग मंदावतो, लांबी आखडते आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली, म्हणजे माथा पायथ्याच्या पुढे जाऊन कोसळतो. एक मीटर उंचीची लाट साधारणपणे 1.3 मीटर पाण्यात फुटते. येथपासून पुढे केवळ आकार नव्हे, तर पाणीच किनाऱ्याकडे धावू लागते, आणि त्याच्या वाटेत जे सापडेल ते त्याच्याबरोबर ओढले जाते.

ह्या जागी लाटेचा वेग ताशी सुमारे 13 किलोमीटर असतो. वल्ह्याची लहान होडी मोठ्या कष्टाने ताशी पाच-सहा किलोमीटर जाते. तेव्हा लाटेच्या पुढे पळून किनारा गाठण्याचा विचार व्यर्थ आहे. लाट मागून येते, होडीचा मागचा भाग उचलते आणि नाळ पुढच्या उतारावर घसरून पाण्यात रुतते. नाळ अडलेली आणि मागचा भाग ढकलला जात असलेला, अशा स्थितीत होडी गर्रकन आडवी फिरते. आडव्या होडीस उलटण्यास मग एक लाट पुरते.

योग्य रीत

म्हणून पहिला नियम असा: लाटेच्या पुढे नव्हे, लाटेच्या पाठीवरून यावे. लाटा फुटतात त्या रेषेबाहेर थांबून समुद्र न्याहाळावा. मोठ्या लाटा बहुधा गटाने येतात. कारण थोड्या निरनिराळ्या अंतराने चालणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून कधी वाढतात, कधी क्षीण होतात. गटातील शेवटची मोठी लाट होडीखालून गेली की, तिच्या पाठीमागे जोराने वल्हवावे. मागून दुसरी लाट गाठू लागलीच, तर वल्हे उलटे मारून वेग रोखावा, होडी किनाऱ्याशी काटकोनात ठेवावी, शरीराचा भार मागे न्यावा आणि लाट खालून जाऊ द्यावी.

एवढे करूनही कयाक आडवी झाली, तर किनाऱ्याकडे झुकण्याचा मोह आवरावा. शरीर लाटेकडे कलवून वल्हे फेसावर दाबून धरावे. कोकणच्या होडीस हे काम उलांडी करते. होडीस समांतर बांधलेला हा ओंडका एका बाजूस कलताना तरंगून आधार देतो, तर दुसऱ्या बाजूस कलताना आपल्या वजनाने होडीस मागे खेचतो. कयाकला उलांडी नसते. तिचे वल्हेच तिची उलांडी होय.

गुडघाभर पाण्यात येताच समुद्राच्या बाजूने उतरावे. होडी आणि किनारा ह्यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. होडीत 200 लिटर पाणी शिरले, तर तिचे वजन 200 किलोग्रॅमने वाढते, आणि असा भार लाटेने अंगावर लोटला तर हाडे मोडतात. गळ, सुरी, दोर हे सर्व आधीच बांधून ठेवावे आणि जीवरक्षक जाकीट अंगात असावे.

शांत जागेचा धोका

दोन फेसाळ पट्ट्यांमध्ये कधीकधी शांत जागा दिसते. नवखा मनुष्य तिकडे वळतो. परंतु तेथे लाट फुटत नाही ह्याचा अर्थ बहुधा तळ खोल आहे, आणि किनाऱ्यावर चढलेले पाणी तेथूनच वेगाने परत जात आहे, असा असतो. त्या प्रवाहाशी झुंजून माणूस थकतो. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याला समांतर जाऊन आधी त्यातून बाहेर पडावे.

वारा पडलेला असतानाही दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा येऊ शकतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांच्या सूचना देत असते. त्या पाहूनच निघावे. शिवाय होडी पाण्यात लोटण्यापूर्वी वीस मिनिटे पुळणीवर बसून लाटा मोजाव्या. ज्या लाटांतून परत येण्याची खात्री वाटत नाही, त्यांतून त्या दिवशी बाहेर जाऊ नये. मासळी उद्याही मिळेल.