विहीर कोणाची, पाणी कोणाचे?



एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतील टँकर काही दिवस बंद होते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला मागणाऱ्या नोटिसा महानगरपालिकेने विहीर व बोअरवेल मालकांना दिल्या, म्हणून टँकर संघटनेने संप केला. पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे करताच घाटकोपरपासून कुलाब्यापर्यंत सर्वांना कळले, की जमिनीखालचे पाणी हाही कायद्याचा विषय आहे.

आदिवासी पाड्यांवर तर हा जगण्याचा प्रश्न आहे. पाड्याला एकच सरकारी विहीर असते. शेजारच्या फार्महाऊसमध्ये खोल बोअर पडते आणि मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसतो. मालक म्हणतो, "जमीन माझी, पाणी माझे." त्याच्या म्हणण्याला जुना आधार आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील भूजल काढण्याचा हक्क मानला. पण पाणी बांध ओळखत नाही. एकाने उपसले की दुसऱ्याचे आटते.

म्हणून महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. त्याच पाणलोटातील सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास त्याने मनाई केली. त्याची जागा २००९ च्या भूजल (विकास व व्यवस्थापन) कायद्याने घेतली. तो १ जून २०१४ पासून अमलात आला. सार्वजनिक स्रोताचे रक्षण हा त्याचाही गाभा आहे.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींवरून गुराख्यांचे भांडण होते. दोन विहिरी सोडून तो पुढे सरकतो व तिसरीला रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे नाव देतो. पाड्याला पुढे सरकायला जागा नाही. त्यामुळे त्याला कायद्याचाच आधार घ्यावा लागतो.

आपण काय करावे?

१. विहिरीतील पाण्याची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहा.
२. नवे बोअर पडताच तारीख, गट नंबर व विहिरीपासूनचे अंतर नोंदवा. फोटो काढा.
३. ग्रामसभेत ठराव करा. त्याची प्रत तहसीलदार आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या.
४. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी तक्रार कागदावर राहत नाही.

चर्चेसाठी: आपल्या पाड्याची विहीर कोणत्या महिन्यात आटते? दहा वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात आटत होती? मधल्या काळात जवळपास कोणी खोदले?