नवी मैत्रीण आली

आमच्या सावर्ड्यावरून मुंबई-गोवा रस्ता जातो. गावाला कोकण रेल्वेचे स्टेशनही आहे. त्यामुळे माणसांची ये-जा फार. शिमग्याला नि गणपतीला चाकरमानी येतात आणि सण झाला की परत जातात. पण कधी कधी घरच्या घर गावाला राहायला येते. २०२० साली करोनाची साथ आली. मार्च महिन्यात सगळे व्यवहार बंद झाले. तेव्हा मुंबईची पुष्कळ कुटुंबे कोकणात परतली. त्यांच्याबरोबर मुलेही आली.

नवे मूल वाडीत आले की जुन्या मुलांच्या मनात काय होते? आपण एक उदाहरण घेऊ. नावे आपणच ठेवू.

समजा, सुमन आणि कुसुम सहा वर्षांच्या मैत्रिणी आहेत. दोघी मिळून सागरगोटे खेळतात. एके दिवशी शेजारी मुंबईची लता राहायला येते. कुसुम तिच्याबरोबर खेळू लागते. झाले! सुमन लताशी कट्टी करते. तिला चिमटे काढते. सकाळी म्हणते, "आये, पोट दुखतंय. मी शाळेत नाय जाणार."

पोट दुखत नसते. मन दुखत असते.

याला हेवा म्हणतात. पण हेव्याच्या पोटात भीती असते. भाकरीचे दोन वाटे केले की वाटा लहान होतो, हे लहान मुलाला कळते. मैत्रिणीचेही तसेच, असे त्याला वाटते. "कुसुम लताची झाली, म्हणजे माझी राहिली नाही." यात मूल वाईट नाही. घरात नवी सून आली की मोठ्यांच्या मनात काय काय येते, ते आम्ही सांगायला नको!

मग आईबापांनी काय करावे?

मुलाला बोलू द्यावे. "कुसुम लताबरोबर गेली, म्हणून तुला वाईट वाटलं का गो बाय?" एवढे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. मन मोकळे झाले की निम्मे दुखणे जाते.

तुलना करू नये. "ती लता बघ, कशी शहाणी!" असे म्हटले की भीती दुप्पट होते. मैत्रीण गेली, आता आईही गेली, असे मुलाला वाटते.

चिमटे मात्र थांबवावे. शांतपणे सांगावे, "राग आला तर मला सांग. पण मारायचं नाही." राग येणे हा गुन्हा नाही. मारणे चूक आहे.

खेळ मोठा करावा. सागरगोट्यांना दोघी पुरतात. लगोरीला दोघी पुरत नाहीत. सात दगड रचायचे, चेंडू मारायचा, दोन गट करायचे. तिथे नवे मूल आले तर हवेच असते. भाकरी वाटली की कमी होते, खेळ वाटला की वाढतो. हे मुलाला सांगून कळत नाही, खेळून कळते.

सुमनला लताची वाटाडी करावे. करवंदाची जाळी कुठे, पाणंद कुठली, हे लताला ठाऊक नसते. ते सुमनने दाखवावे. आणि कधीतरी सुमन नि कुसुम दोघीच खेळल्या, तर खेळू द्यावे. जुन्या मैत्रीलाही जागा हवी.

आता एक गोष्ट मोठ्यांसाठी. चुलीपाशी आपण बोलतो, "आले मुंबईवाले! आता जमिनीत वाटा मागतील." मूल कोपऱ्यात बसून ऐकते. दुसऱ्या दिवशी तेच लताला ऐकवते. मुलाचा हेवा चार दिवसांत विरला असता. आपण त्याला खतपाणी घातले.

२०१० च्या एप्रिलपासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घ्यावेच लागते. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही. कायद्याने लताला बाकावर जागा मिळते. खेळात जागा देणे मुलांच्या हाती आहे. आणि मुले आपल्याकडे बघून शिकतात.

सांगा पाहू :
१. सुमनचे पोट का दुखत होते?
२. तुमच्या वाडीत नवे मूल कोण आले आहे? ते कोणाबरोबर खेळते?