चांगली सवय टिकते कशी? रोजमेळाने दिलेला धडा

दुकानाच्या माळ्यावरील जुन्या वह्या खाली काढण्याचे काम आम्ही दरवर्षी एप्रिल महिन्यात करतो. कायद्याने जपायच्या तेवढ्या वेगळ्या ठेवतो आणि बाकीच्या रद्दीत देतो. त्यांत काही वह्या अशा निघतात की पहिली वीस पाने मोत्यासारख्या अक्षरांत, पुढची दहा घाईघाईत खरडलेली आणि त्यानंतर नुसता कोरा कागद. या वह्या दुसऱ्या कुणाच्या नाहीत, आमच्याच आहेत. एकीत घरखर्च लिहायचा होता, दुसरीत गिऱ्हाइकाने मागितलेला पण आपल्याकडे नसलेला माल टिपायचा होता. तिसरीत रोज एक पान मराठी लिहिण्याचा सराव करायचा होता, कारण आमचे सारे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. प्रत्येक वही सुरू करताना इरादा पक्का होता. तरीही वह्या कोऱ्या राहिल्या.

त्याच माळ्यावर आमच्या अब्बांचे रोजमेळ आहेत. मालेगावात आमचे लुगडी व साड्यांचे दुकान. ज्या दिवशी दुकान उघडले त्या दिवशी रोजमेळ लिहिला गेला, असा तीसेक वर्षांचा हिशेब तिथे पडून आहे. नव्या मुलांसाठी सांगतो. रोजमेळ म्हणजे सकाळची शिल्लक, दिवसभरात आलेली जमा, दिवसभरात गेलेली नावे आणि रात्रीची शिल्लक. ही शिल्लक गल्ल्यातील रकमेशी जुळली पाहिजे. यात कोणतीही विद्या नाही. चौथी पास मुलगा हे करू शकतो, आणि तरीही शंभरातले किती दुकानदार रोज करतात, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

अब्बा फार मोठ्या मनोनिग्रहाचे होते म्हणून हे जमले असे कोणी समजू नये. तंबाखू त्यांनी आमच्या देखत चार वेळा सोडली आणि चारही वेळा पुन्हा धरली. मग रोजमेळच कसा टिकला? त्यांची रीत ठरलेली होती. शटर अर्धे खाली ओढायचे, गादीवर बसायचे, गल्ला मोजायचा, लिहायचे, ताळा जुळला की कुलूप हातात घ्यायचे. वही गल्ल्याखालीच असे आणि लेखणी सुतळीने वहीला बांधलेली असे. कुलूप लावण्याआधी वही, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की त्यात विचार करण्याजोगे काही उरलेच नव्हते. हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो, पण त्यातले मर्म कळायला आम्हांला एक मोठी चूक करावी लागली.

२००२ मध्ये दुकान आमच्या हाती आले. आम्ही नव्या जमान्याचे, म्हणून आम्ही घड्याळ धरले. रोज रात्री आठ वाजता हिशेब. दोन-तीन वर्षे बरी गेली. पुढे राज्यात भारनियमनाचे दिवस आले, आणि आमच्या भागात नेमके संध्याकाळी दिवे जाऊ लागले. आठ वाजता अंधार. मग चिठ्ठीवर टिपून खिशात ठेवायचे आणि ‘उद्या उतरवू’ म्हणायचे. पहिल्या दिवशी मनाला टोचले, दुसऱ्या दिवशी कमी टोचले. आठवड्याने काहीच टोचेनासे झाले. विशेष म्हणजे, पुढे दिवे असले तरी आम्ही चिठ्ठीवरच लिहू लागलो.

त्याच काळात, २००६ मध्ये, बागलाणातील एका खेड्याचे एक वृद्ध दुकानदार आमच्याकडून माल नेत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. अब्बांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे ६,२०० रुपये बाकी होती. दोन महिने झाले तेव्हा आम्ही मागणी केली. ते म्हणाले, “शेठ, मी बाजाराच्या दिवशी देऊन गेलो की.” आम्ही वही काढून त्यांच्यापुढे उघडली. नाव होते, बाकी होती, जमा नव्हती. आप्पा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. पान उर्दूत लिहिलेले, त्यांना वाचता येत नव्हते. मग म्हणाले, “तुमच्या वडिलांच्या वहीत कधी चूक निघाली नाही. वहीत नाही, म्हणजे माझंच ध्यान चुकलं असेल.” आणि दोन हप्त्यांत त्यांनी सारी रक्कम भरली. त्यानंतर ते मालाला आले नाहीत.

दोन वर्षांनी हिवाळ्यात जुनी सदरी काढली, तर आतल्या खिशात एक चिठ्ठी निघाली. अक्षर आमचे, तारीख बाजाराच्या दिवसाची, आप्पांचे नाव आणि रुपये ६,२००.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्या गावी गेलो. आप्पा त्याच उन्हाळ्यात वारले होते. दुकानावर मुलगा होता. आम्ही सारे सांगून रक्कम त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती मोजली, पण गल्ल्यात टाकण्याआधी वही उघडली आणि विचारले, “तुमच्याकडून जमा. कशापोटी लिहू?” आम्ही म्हणालो, “आमची चूक, असे लिहा.” त्याने तसे लिहिले.

ही गोष्ट आम्ही अब्रू वाढावी म्हणून सांगितलेली नाही. येथे एक कायद्याची बाब ध्यानात घ्यावी. १८७२ च्या पुरावा कायद्यात व्यापारातील वह्यांना पुरावा म्हणून स्थान होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. पण अट अशी की त्या वह्या नियमितपणे ठेवलेल्या असाव्यात. शिवाय केवळ वहीतल्या नोंदीवरून कुणाच्या माथी देणे मारता येत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. म्हणजे आप्पांनी हात वर केले असते, तर आमची ती वही कोर्टात एकटी उभी राहू शकली नसती. त्यांनी दिले ते अब्बांच्या तीस वर्षांच्या सवयीकडे पाहून. ती पुंजी आम्ही चिठ्ठ्यांत उडवली.

आता विद्वान काय म्हणतात ते पाहू. नवी सवय २१ दिवसांत लागते असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. याचा उगम बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान सुमारे २१ दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. लोकांनी त्यातला ‘किमान’ गाळला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्याच सवयींना लावली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. २०१० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक गोष्ट निवडायची आणि रोज एका ठरलेल्या कामाला जोडून, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर, ती करायची. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. मात्र माणसामाणसांत फरक मोठा, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. यातला मोठा आकडा गणिताने काढलेला आहे, कारण अभ्यासच मुळी ८४ दिवसांचा होता. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगी मुरली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला म्हणून सवय घडण्याच्या कामात विशेष बिघाड होत नाही, असे त्यांना आढळले. आमचा अनुभवही तोच. एका अंधाऱ्या रात्रीने आमचा रोजमेळ मेला नाही. मेला तो रोजच्या ‘उद्या’ने.

फिलाडेल्फियाचा छापखानेवाला बेंजामिन फ्रँकलिन आपल्यासारखाच धंद्यातला माणूस. त्याने तेरा गुणांची यादी करून एक छोटी वही आखली. सात दिवसांचे सात रकाने, आणि चूक झाली की काळा ठिपका. तेरा गुण एकदम अंगी आणण्याचा खटाटोप त्याने केला नाही. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष, मग दुसरा. आणि प्रत्येक वस्तू व प्रत्येक काम आपल्या जागी असावे, हा व्यवस्थितपणाचा गुण आपल्याला सर्वांत जड गेला, असे त्याने आत्मचरित्रात कबूलही केले आहे. आमच्या तरुण मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. पहाटे उठणे, व्यायाम, इंग्रजी शिकणे, हिशेब आणि सिगारेट सोडणे हे सारे एकाच महिन्यात सुरू केले, तर महिनाअखेर फक्त सिगारेट शिल्लक राहते.

मग करावे काय? पहिली गोष्ट, सवय घड्याळाला बांधू नये, कामाला बांधावी. घड्याळाचे आठ कधी गिऱ्हाइकात जातात, कधी अंधारात जातात, पण शटर रोज ओढावेच लागते. आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. मगरिबची वेळ उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तासाहून अधिक मागेपुढे सरकते, तरी नमाजी माणसाचा गोंधळ होत नाही, कारण त्याची सवय अजानला जोडलेली असते. आम्ही रोजमेळ पुन्हा सुरू केला तो कुलपाला जोडून. कुलूपच वहीवर ठेवू लागलो. वही उचलल्याशिवाय कुलूप हाती येत नसे, आणि वही हाती आली की लिहिणे होई.

दुसरे, सुरुवात अगदी लहान असावी. पहिले काही आठवडे आम्ही फक्त दोन आकडे लिहिले, गल्ल्यातली शिल्लक आणि दिवसाची उधारी. लोक हसतील इतके थोडे. पण थकून आलेला, डोके दुखणारा, बायकोचा फोन येऊन गेलेला माणूसही दोन आकडे लिहू शकतो. खतावणी, मालाचा साठा, दलालाचे कमिशन हे सारे मागाहून आले, आणि आपल्या पायांनी आले. लेखणीची सुतळी आम्ही पुन्हा बांधली, दुकानात एक बॅटरी ठेवली. ही किरकोळ बाब वाटते. पण पेन सापडत नाही म्हणून राहिलेले हिशेब आम्ही मोजले असते, तर एक निराळीच वही भरली असती.

उधारीबाबत तर आळसाला जागाच नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही सांगितले आहे. हातोहात रोखीच्या सौद्याला तिथे सवलत आहे, उधारीला नाही. आम्ही ही आयत लहानपणापासून ऐकत आलो, आणि तरी ६,२०० रुपयांची चिठ्ठी सदरीत ठेवली. ऐकणे आणि अंगवळणी पडणे यांत एवढे अंतर आहे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा या सवयीची किंमत बाजाराला कळली. त्याआधी कापडावर विक्रीकराचा वा व्हॅटचा जाच नव्हता, त्यामुळे आपल्या धंद्यातील पुष्कळ लोकांना बिलवार हिशेबाची सवयच नव्हती. सुरतच्या कापड बाजाराने त्या जुलैत संप केला होता. करावरील नाराजी आपल्या जागी. पण ज्यांचे रोजचे रोज लिहिणे होते त्यांना फक्त रकाने बदलावे लागले, बाकीच्यांना लिहिण्यापासून शिकावे लागले. आता यूपीआयमुळे नवा घोळ होतो. पैसे गल्ल्यात येत नाहीत, सरळ बँकेत जातात, आणि ‘मोबाईलमध्ये सगळे आहेच’ म्हणून कोणी लिहीत नाही. मोबाईलमध्ये रक्कम असते आणि पाठवणाऱ्याचे नाव असते. ती कोणत्या बिलापोटी आली, हे नसते. पैसे पुतण्याच्या फोनवरून आले आणि खाते काकांचे असले, की झाले भांडण. तेव्हा रात्री मोबाईल समोर ठेवून ती यादीही रोजमेळात उतरवावी. आमच्या दुकानी याला चार-पाच मिनिटे लागतात.

शुक्रवारी आमच्याकडे कारखाने बंद. त्या दिवशी सकाळी आठवड्याची पाने आम्ही चाळतो. चुका शोधणे हा हेतू असतोच, पण कोरे राहिलेले दिवस पाहणे हा मुख्य हेतू. एक कोरा दिवस असला तर काही बोलत नाही. सलग दोन दिसले, की त्या दोन दिवसांत काय झाले ते विचारतो. बहुतेक वेळा कारण आळस नसतेच. कुणीतरी वही उचलून माळ्यावर ठेवलेली असते, किंवा कुलूप दुसऱ्यानेच लावलेले असते.

गेल्या वर्षापासून रोजमेळ आमचा भाचा लिहितो. त्याने संगणकावर टॅली शिकलेली आहे, वहीला तो हसत होता. आम्ही म्हटले, “बेटा, टॅलीत लिही, वहीत लिही, पण कुलपाआधी लिही.” पहिल्या तीन महिन्यांत नऊ दिवस कोरे गेले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत दोन. मागच्या महिन्यात घरी लग्न होते, तेव्हा एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात पोहोचलो तर शटर अर्धेच वर होते, आणि तो आत गादीवर बसून आदल्या दिवसाची उधारी आठवून आठवून उतरवत होता. दोन नावे त्याला आठवेनात. त्या दोघांना त्याने आमच्यासमोर फोन लावला आणि त्यांनाच रक्कम विचारून घेतली.