डाग, फोड की चट्टा?

वस्तीतल्या तपासणीत आम्हाला बहुतेकदा एवढेच ऐकू येते, "अंगावर काहीतरी उठलंय." तेवढ्यावरून रोग कळत नाही. आधी उजेडात पाहा, मग बोट फिरवा. हाताला लागत नाही, नुसता रंग बदललाय, तो डाग. उंच, टणक ती पुळी. आत पाणी असेल तर फोड. डाग पसरला की चट्टा. कधी उठले, खाजते का, हेही सांगा.

फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नाही, तिथे स्पर्शही कळत नाही, तर कुष्ठरोग असू शकतो. हे मागच्या जन्मीचे पाप नव्हे; तो जंतूमुळे होतो. लपवू नका. उशीर झाला तर बोटे वाकू शकतात. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. ६ ते १२ महिने नियमित घेतले की रोग बरा होतो.