टक्का नको, गुणाकार करा

आमचा पहिला मुलगा तिसऱ्या महिन्यापासून सारखा आजारी. तोंडातला पांढरा थर औषधाने जायचा, पुन्हा यायचा. जुलाब थांबेनात, मग न्यूमोनिया. डाव्या काखेत गाठ आली. बीसीजी टोचली होती त्याच बाजूला. "लसीने येते, जिरेल," एवढंच सांगितलं गेलं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच संस्थेत फ्लो सायटोमेट्री (रक्तपेशींचे प्रकार मोजणारी तपासणी) झाली, तेव्हा कळलं की त्याच्या रक्तात टी पेशी जवळजवळ नाहीतच. सिड, म्हणजे प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर अभाव. तोवर फार उशीर झाला होता. तो गेला.

त्याची पहिली सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, अजून माझ्याजवळ आहे. पांढऱ्या पेशी ६,०००, त्यांतल्या लिम्फोसाइट (टी पेशी यांतल्याच) २० टक्के. गुणाकार केला तर लिम्फोसाइट १,२००. तान्ह्या बाळात हा आकडा ३,००० च्या खाली असला तर पुढचा तपास व्हायलाच हवा. पण कागदावर छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती, २० ते ४० टक्के. त्यामुळे आकडा ठळक झाला नाही, कुणाची नजरही थांबली नाही. आयांनो, हा गुणाकार स्वतः करा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) नॉर्मल आलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका; पहिले काही महिने ते आईकडून आलेलं असतं.

माझ्या आईचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते. घरात तो विषय कुणी काढत नसे. जनुकीय तपासणीत दोष माझ्याकडून आल्याचं निघालं, तेव्हा आई पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलली.

धाकट्याचं रक्त जन्मताच तपासलं. त्यालाही तेच. पण त्याला बीसीजी दिली नव्हती, संसर्ग नव्हता. तिसऱ्या महिन्यात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. आज तो शाळेत जातो. उत्तर अमेरिकेतल्या २००० ते २००९ च्या सिडच्या नोंदींत साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेली ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतर हयात होती.

घरात तान्हं मूल दगावलं असेल, तर पुढच्या बाळाच्या जन्माआधीच डॉक्टरांना सांगा. बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस या जिवंत लसी बाळाच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवता येतात. इतरांनी मात्र लस चुकवू नये. फ्लो सायटोमेट्रीचा नमुना रक्त चढवण्याआधी घ्यायला लावा, बर्फात ठेवू नका, शक्यतो त्याच दिवशी पोचवा. आणि रक्त द्यावंच लागलं तर विकिरणित (इरॅडिएटेड) रक्तच मागा.